ऐकणारं माणूस

परळी हे वैद्याचं गाव आहे. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी या दोघांनाही विष्णूने इथल्या लिंगात लपवलं, असुर हात टाकायला धावले तेव्हा ज्वाळा उठल्या आणि भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरलं, अशी इथली कथा. म्हणून देवाचं नाव वैद्यनाथ, आणि म्हणूनच इथे लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची रीत. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या देवळाच्या रुंद दगडी पायऱ्या चढणारा माणूस देवापुढे शरीराचं दुखणं ठेवतो तसं मनाचंही ठेवतो. शंकराच्या देवळात नंदीच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात मनातलं सांगायचं, ही पद्धत तर साऱ्या महाराष्ट्रात आहे. तिच्यात मोठी समज आहे. दुःख कुणाच्या तरी कानावर घालावं लागतं, आणि ते तिथून पुढे फुटणार नाही अशी खात्रीही लागते, हे ती पद्धत घडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नंदी उलट प्रश्न विचारत नाही. आठ दिवसांनी तुम्ही आला नाहीत तर का आला नाहीत हे पाहायला तो तुमच्या दारात येत नाही. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात दुःख बोलून दाखवायच्या जागा पुष्कळ होत्या, विचारणारं माणूस मात्र क्वचित होतं. नैराश्याचा आजार असा आहे की त्यात विचारणाऱ्या माणसावाचून अडतं. संवादातून केला जाणारा मानसोपचार हा या विचारण्याचा शिस्तबद्ध प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे इतक्या उशिरा का पोचला याचा इतिहास पाहिला तर पुढे काय करायचं तेही उमगतं.

परळीहून परभणीच्या दिशेने रेल्वेने निघालं की गंगाखेड लागतं. गोदावरीकाठचं हे गाव जनाबाईचं जन्मस्थान. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत जात्याशी बसतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या बायकांनी सात शतकं जिवाशी धरून ठेवली. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, एकटीने किंवा जाऊ-नणंदेच्या सोबतीने दळायला बसायचं आणि दिवसा उजेडी जे बोलता येत नाही ते ओवीत बोलायचं, हा त्या गोष्टीमागचा रोजचा अनुभव. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या कामात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, आणि त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. सासरचा जाच, माहेराची ओढ, लेकीची पाठवणी, नवऱ्याचा मार, पोटच्या पोराचं जाणं, सगळं या भांडारात आहे. जात्याला देव मानून त्याच्यापुढे मन रितं करण्याची ही सोय फार मोलाची होती. तिच्यात वेळ ठरलेला होता, जागा ठरलेली होती, ऐकणाऱ्याचा धाक नव्हता. आजच्या समुपदेशकाच्या खोलीत ज्या गोष्टी मुद्दाम जमवून आणाव्या लागतात, त्यातल्या निम्म्या तिथे आपसूक होत्या.

1971 साली परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला पहिला संच सुरू झाला. त्या पिढीत मराठवाड्याच्या गावांमध्ये वीज येत गेली, तिच्या मागोमाग पिठाची गिरणी आली आणि जातं परसात उलटं पडलं. ते पडलं हे चांगलंच झालं. पहाटेचे दोन-तीन तास आणि खांद्यांची हाडं वाचली, त्याबद्दल हळहळणारा माणूस बहुधा कधी दळायला बसलेला नसतो. पण ती वेळ गेली ती गेलीच. तिच्या जागी बाईला स्वतःशी किंवा दुसरीशी बोलायला मिळेल अशी दुसरी वेळ कुणी ठरवून दिली नाही. तरीही ओवीला उपचार म्हणणं मला पटत नाही. ओवी गायला आतून उमेद लागते. जिला खरोखरचं नैराश्य आलं ती गात नाही, गप्प होते. दळणाला बसलेल्या दोघींपैकी एकीचा सूर थांबला तर दुसरी फार तर बरं वाटत नसेल म्हणून सोडून देई. ओव्यांच्या त्या लाखाच्या भांडारात गप्प झालेल्या बायकांचा आवाज कुठून असणार?

सारा प्रश्न इथेच आहे. दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. दुःखाला बोलावंसं वाटतं. नैराश्यात बोलण्याची इच्छा, बोलून काही होईल हा विश्वास, कधी कधी बोलण्याची ताकदसुद्धा आधी जाते. दोन आठवडे आणि त्याहून जास्त काळ रोज मन मेल्यासारखं राहतं, कशातच गोडी वाटत नाही, झोप मोडते, भूक जाते, हातपाय उचलत नाहीत, आपण घरावर ओझं झालोय असं वाटू लागतं आणि जगणं नको होतं. बीड-परळीकडे याला नैराश्य कुणी म्हणत नाही. ‘करमंना झालंय’, ‘कशात मनच लागंना’, ‘अन्न गोड लागंना’, ‘डोकं जड पडलंय’, ‘लई इचार येतेत’, फार तर ‘टेन्शन आलंय’ असं म्हणतात. आणि तेही विचारलं तर. दवाखान्यात जाऊन माणूस सांगतो ते अंगदुखीचं, अशक्तपणाचं, छातीतल्या धडधडीचं; मग सलाईन लागतं, ताकदीची गोळी मिळते आणि तो घरी येतो. भाषेचं हे वळण आपल्यापुरतंच आहे असं नाही. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत याच अवस्थेला ‘फार विचार करणं’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि तो शब्द जसाच्या तसा घेऊनच तिथल्या डॉक्टरांनी उपचार उभा केला. त्याबद्दल पुढे.

राज्यसंस्थेने या आजाराकडे कसं पाहिलं, हे पाहायला परळीहून जालन्याला जावं लागतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचं मनोरुग्णालय जालन्याला होतं. 1953 साली ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवलं गेलं. तीनच वर्षांनी, 1956 मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसं इकडे आली आणि रुग्णालय तिकडे राहिलं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राहिली, आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात एकही नाही. आता अलीकडे जालन्यात नव्याने मनोरुग्णालय उभारायला मंजुरी मिळाली आहे. ही उणीव मोठी होती खरी, पण नैराश्याच्या बाबतीत तिच्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळची मनोरुग्णालयं 1912 च्या कायद्याखाली चालत, आणि त्या कायद्याला मुख्य काळजी होती ती समाजाला त्रासदायक ठरणाऱ्या माणसाला कुठे ठेवायचं याची. घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई कुणालाच त्रासदायक नसते, म्हणून ती कायद्याला कधी दिसलीच नाही. जालन्याचं रुग्णालय हललं नसतं तरी परळीच्या शेतमजुराची उदासी घेऊन त्याच्या दारात कुणी गेलं असतं असं वाटत नाही. तिथे ओरडणाऱ्याला कोंडायची सोय होती. गप्प झालेल्याला बोलतं करायची नव्हती.

बोलतं करण्याची विद्या त्याआधी बरीच वर्षं जगात जन्मली होती. व्हिएन्नात 1880 ते 1882 या काळात डॉक्टर ब्रॉयर एका तरुणीशी रोज बोलत. त्या बोलण्यालाच उपचार म्हणायचं हे तिने स्वतः सुचवलं, आणि 1895 साली ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या पुस्तकात ‘आना ओ.’ या नावाने तिची हकिकत छापली गेली. 1922 मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, म्हणजे ही विद्या भारतात येऊन शंभरावर वर्षं झाली. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या मनोविश्लेषणातून गरिबाच्या हाती काही लागण्यासारखं नव्हतं. गरिबाच्या कामाची ठरली ती पुढची पायरी. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाचे एरन बेक यांनी 1960 च्या दशकात उपचार आखूड केला, वर्तमानावर आणला, आणि मुख्य म्हणजे मोजता येईल असा केला. ठरावीक बैठका, ठरावीक पायऱ्या, सुरुवातीला आणि शेवटी तीच प्रश्नावली. बरं वाटलं का, हे गुरूच्या अधिकाराने ठरवायची गरज उरली नाही. मराठीत हे आणलं कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि विवेकनिष्ठ मानसोपचारावर त्यांनी मराठीत लिहून, शिकवून एक पिढी तयार केली. 1990 मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेने हा विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून मध्यमवर्गीय मराठी घरांत नेला. हे काम मोठंच आहे. पण ते मुंबई-ठाणे-पुण्याच्या, पुस्तक वाचणाऱ्या, तासाची फी देऊ शकणाऱ्या माणसापर्यंत गेलं आणि घाटावर थांबलं.

ते थांबण्यात आपण केलेल्या एका शब्दाचाही हात आहे. इंग्रजी शब्दाला पर्याय म्हणून आपण ‘समुपदेशन’ हा शब्द घेतला आणि उपचाराच्या पोटात ‘उपदेश’ बसवून टाकला. उपदेशाची मराठवाड्याला कधीच वाण नव्हती. कीर्तन, प्रवचन, सप्ताह, मनाला उद्देशून लिहिलेले रामदासांचे श्लोक. चुलते-मामे आणि पुढारी वेगळेच. ‘मन घट्ट कर’, ‘लेकरांकडं बघ’, ‘देवाचं नाव घे’ हे न ऐकलेला नैराश्याचा रुग्ण सापडायचा नाही. मन घट्ट करता आलं असतं तर त्याने केलं नसतं का? हा उपदेश करणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण रुग्णाच्या कानी तो आरोपासारखा पडतो. आपल्यात जोर नाही म्हणून हे होतंय, अशी आधीच झालेली त्याची समजूत त्याने पक्की होते. संवादोपचार करणारा माणूस पहिल्या बैठकीत उपदेश गिळून बसायला शिकलेला असतो. तो विचारतो: काल दिवसभरात काय काय केलंत? कोणत्या वेळी जड वाटलं, कोणत्या वेळी जरा हलकं? पूर्वी काय आवडायचं? मग त्यातली एक बारीकशी गोष्ट पुढच्या आठवड्यात करून पाहायची असं दोघं मिळून ठरवतात आणि पुढच्या वेळी ती जमली की नाही, नाही तर का नाही, यावर बोलतात. समजा परळी तालुक्यातली एखादी बाई तीन महिन्यांपासून शेजारणीकडे गेलेली नाही. तिला ‘जात जा’ असं सांगितलं जात नाही. मंगळवारी दुपारी, पाच मिनिटांसाठी, चहापत्ती मागायला म्हणून जाता येईल का, एवढंच ठरतं. यामागची कल्पना साधी आहे. नैराश्यात माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की आनंदाची कारणं कमी होतात, त्याने नैराश्य वाढतं. उमेद येईल तेव्हा कामाला लागू असं त्याला वाटतं. उपचार हा क्रम उलटा करतो, आधी काम आणि मागाहून उमेद.

हे बोलणं गोड आहे, पण त्याने खरंच आजार हटतो का, असा संशय कुणी घेतला तर तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळालेलं आहे. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने आधी ‘मानस’ नावाची मोठी चाचणी केली. 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत, जिथे शिकवलेला साधा समुपदेशक बसवला होता, तिथे सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण सुमारे 66 टक्के होतं. नेहमीचेच उपचार चालू असलेल्या केंद्रांत ते 42 टक्क्यांच्या आसपास राहिलं. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पुढची चाचणी आपल्या मुद्द्याला अधिक जवळची. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र म्हणावं इतकं नैराश्य असलेले 495 जण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले आणि निम्म्यांना त्याखेरीज सहा ते आठ बैठकांचा संवादोपचार. त्या बैठका घेणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. स्थानिक, साधं शिक्षण असलेली माणसं काही आठवडे शिकवून तयार केली होती आणि ती आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं एकमेकांना ऐकवून चुका दुरुस्त करत. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून बाहेर होते, दुसऱ्या गटात 39 टक्के. वर्षभरानंतरही उपचार मिळालेला गट पुढेच होता. झिंबाब्वेत हरारेच्या 24 दवाखान्यांत डिक्सन चिबांडा यांनी हेच काम वस्तीतल्या आज्यांकडे दिलं, दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून. 573 जणांवरच्या त्या चाचणीचे निकाल 2016 मध्ये आले आणि तेही असेच उमेद वाढवणारे होते.

या आकड्यांचा अर्थ कुणी असा काढेल की मग डॉक्टर आणि गोळ्या यांची गरज नाही. तसा तो काढू नये. 1957 पासून नैराश्यावर खरी औषधं उपलब्ध आहेत, तीव्र आजारात ती लागतात, आणि जीव देण्याचे विचार घोळत असलेल्या किंवा खाणंपिणं सोडलेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यात एक दिवसाचाही उशीर होता कामा नये. परळीपासून जवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, म्हणजे या भागाला दार नाही असं नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती मन द्यायचं कसं? त्यात तथ्य आहे, आणि त्याचं उत्तरही गोव्याच्याच कामात आहे. तिथल्या समुपदेशकाला मोकळं सोडलं नव्हतं. काय करायचं हे पुस्तिकेत बांधलेलं होतं, कोणता रुग्ण आपल्या हातचा नाही हे ओळखायला शिकवलं होतं, आणि प्रत्येकाच्या कामावर दुसऱ्याची नजर होती. यातलं काहीही न देता चार दिवसांचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटलं तर तो उपचार राहणार नाही, पुन्हा उपदेश होईल.

‘हे आपल्याकडे होतंच’ हा तिसरा आक्षेप अधिक आवडीने घेतला जातो. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलंय आणि मन आवरण्याच्या उपचाराला सत्त्वावजय असं स्वतंत्र नाव आहे. हा वारसा खरा आहे, अभिमान बाळगावा असाही आहे. पण ग्रंथात नाव असणं आणि गावात माणूस असणं यांत अंतर आहे. सत्त्वावजय करणारा वैद्य परळी-माजलगावच्या शेतमजुराच्या घरी जात होता याचा मागमूस मला कुठे दिसत नाही. शिवाय अर्जुनाने आपला विषाद स्वतः, नीट शब्दांत मांडला; समोर कृष्ण होता आणि वेळही दिला गेला. ज्याला शब्द फुटत नाहीत त्याचं काय, या प्रश्नाला ती गोष्ट हात घालत नाही. या भागात त्याच्या सर्वांत जवळ कुणी गेलं असेल तर ते मला अंबाजोगाईत दिसतं. तिथे 1982 मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ सुरू केलं आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’च्या माध्यमातून टाकलेल्या, पिडलेल्या बायकांसाठी काम उभं केलं. ओव्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईनेच ओवी न गाता येणाऱ्या बायकांसाठी दार उघडावं, याला मी योगायोग मानत नाही. ते उपचारकेंद्र नव्हतं, पण तिथे कुणीतरी विचारत होतं.

सर्वांत जड आक्षेप मात्र पोटाचा आहे. पाऊस नाही, कापसाला भाव नाही, डोक्यावर कर्ज. यावर बोलून काय होणार? दुष्काळाच्या 2015 साली परळीचं वीज केंद्रसुद्धा पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, मग कोरडवाहू शेतकऱ्याची काय कथा. त्याच वर्षी राज्य सरकारने मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, धोका दिसला तर रुग्णालयाकडे पाठवायचं, अशी त्याची मांडणी. तेव्हा शेतकरी चळवळीतून राग व्यक्त झाला की सरकार भावाच्या प्रश्नाचं मानसिक आजारात रूपांतर करतंय. हा राग मी चुकीचा मानत नाही. आत्महत्येनंतर ‘पात्र’ की ‘अपात्र’ अशी छाननी करून 2006 पासून एक लाखाची मदत देणारी व्यवस्था जिवंतपणी विचारपूस करायला आली तर संशय येणारच. पीकविमा, हमीभाव, कर्जाची फेरआखणी यांच्या जागी समुपदेशक पाठवला तर ती फसवणूक ठरेल. पण एका गावात तेवढंच कर्ज असलेले पन्नास शेतकरी असतात आणि त्यांतले थोडेच मरणापर्यंत जातात. कर्ज डोंगराएवढं आहे आणि त्यातून वाट नाही, या दोन वाक्यांपैकी पहिलं वास्तव असतं आणि दुसरं बऱ्याचदा आजार बोलत असतो. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो तलाठ्याकडे उतारा काढायला जात नाही, बँकेत फेरआखणीचा अर्ज करत नाही, विम्याची मुदत त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते. बोलण्याने कर्ज फिटत नाही. कर्जाशी झगडायला माणूस उभा राहतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाने झालेल्या कामाने हे काही अंशी दाखवलं. दीड वर्षात तिथे नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे फार मोठे दावे करू नयेत. पण कर्जबाजारी विदर्भातला माणूस विचारलं तर बोलतो, एवढं त्यातून ठरलं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक जणांना उपचारच मिळत नसल्याचं दाखवलं होतं. त्या मानाने 27 टक्के हा आकडा लहान नाही.

बीड जिल्ह्यात हे उभं करायचं तर पंचांग पाहावं लागेल. दसऱ्यानंतर इथली लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायकोचा एक कोयता धरून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. फडावरच्या कोपीत ना खासगी जागा ना रिकामा तास. पहाटे निघायचं आणि गाडी भरेपर्यंत थांबायचं नाही. दर आठवड्याला एक बैठक घेणारा कोणताही कार्यक्रम इथे दिवाळीनंतर मोडून पडणार. पण पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात, आणि तिथून मृगाच्या पेरणीपर्यंत आठ-दहा आठवडे मिळतात. सहा ते आठ बैठकांचा उपचार या दिवसांत नेमका बसतो. गावातलीच, बोलीतच बोलणारी, ‘लई इचार येतेत’ म्हणजे काय हे न सांगता समजणारी एक बाई आणि एक बाप्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवून बसवायचे, दार लोटून घेता येईल अशी एक खोली द्यायची, अवघड रुग्ण अंबाजोगाईला पाठवायचे आणि फडावर गेलेल्यांना आठवड्याला एक फोन करायचा. पुरुषांकडे विशेष लक्ष द्यावं लागेल, कारण चाचण्यांत आलेल्या रुग्णांत बायकाच जास्त असतात आणि आत्महत्यांच्या नोंदीत पुरुष. यातलं काहीच नव्याने शोधायचं उरलेलं नाही. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, 1996 पासून जिल्हा कार्यक्रम आहे, आणि मानसिक उपचार मिळणं हा हक्क मानणारा 2017 चा कायदा आहे. परळी तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला हे मागता येतं आणि ग्रामसभेने ते मागावं.

तोवर, हे वाचणाऱ्या कुणाला करमत नसेल, किंवा घरातलं कुणी बरेच दिवस गप्प झालं असेल, तर त्याने बोलायला सुरुवात करावी याची वाट पाहू नका. जवळ बसा, उपदेश न करता विचारा आणि उद्या पुन्हा विचारा. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा सुरू आहे. क्रमांक 14416, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येतं.